मोटारीचा जीर्णोद्धार

गेल्या वैशाखात साताऱ्याकडे जात असता, खंबाटकीचा घाट निम्मा चढून होतो न होतो तोच, माझ्या जुन्या मोटारीतील उष्णतामापकाचा काटा, जो वर्षानुवर्षे ऐंशीच्या खुणेच्या जरा वर स्थिर राहत आला होता, तो शंभराच्या पलीकडे सरकू लागला. आणि मागे मालमोटारींची रांग, एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला कठडा व मागील आसनावर वयोवृद्ध थोरल्या भगिनी अशा स्थितीत ‘माथ्यावर पोहोचलो की थांबू’ असा जो निर्णय मी त्या क्षणी केला, त्याचे मोल आज मला मोजावे लागत आहे. माथ्यावर बॉनेट उघडले तेव्हा इंजिनातून रेडिएटरकडे जाणारा वरचा रबरी पाईप बगलेत बोटभर चिरलेला दिसला. तो पाईप बदलावयास हवा असे मिस्त्रींनी मला दिवाळीच्या सुमारास बजावले होते, आणि ‘पुढच्या सर्व्हिसिंगला पाहू’ असे म्हणून मी ते लांबणीवर टाकले होते. तेव्हा दोष मोटारीचा नव्हे, माझा. दोन दिवसांनी इंजिन ऑइलचे झाकण फिरवून काढले, तो त्याच्या आतल्या अंगाला, ताक घुसळल्यावर रवीला लोणी चिकटावे तसा, पिवळसर पांढरा थर जमलेला होता. मोटारीशी ज्याचा थोडाफार परिचय आहे त्याला या थराचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. पाणी आणि ऑइल यांच्या वाटा निराळ्या ठेवणारा पडदा आत कोठेतरी फाटला होता.

ही मोटार म्हणजे मर्सिडीज-बेंझची १९९६ सालची ई-२५० डिझेल. जाणकार जिला ‘डब्ल्यू-१२४’ म्हणतात त्या श्रेणीतली. जर्मनीत ही श्रेणी १९८४ च्या अखेरीस बाजारात आली आणि १९९५ मध्ये तिच्या सलूनची जागा तेथे नव्या प्रतिरूपाने घेतली; परंतु नेमक्या त्याच १९९५ साली, आदल्या वर्षी स्थापन झालेल्या मर्सिडीज-बेंझ इंडियाने पिंपरीस टेल्कोच्या आवारात याच मोटारीची जुळणी सुरू केली, आणि ज्या यंत्राला त्याच्या जन्मभूमीत निरोप दिला जात होता त्याचे पुण्याच्या परिसरात स्वागत झाले. कंपनीचा चाकणचा कारखाना त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, २००९ मध्ये सुरू झाला. म्हणजे माझी मोटार वंशाने विलायती खरी, पण तिचे बोल्ट आवळणारे हात पिंपरी-चिंचवडचे. एका निवृत्त कारखानदारांकडून मी ती २००६ साली घेतली तेव्हा ती दहा वर्षांची होती. आज मापकावर ३,८०,००० किलोमीटरांचा आकडा आहे. दार लावताना जो एक घट्ट, भरीव आवाज पूर्वी होत असे तो अजून तसाच होतो, आणि समोरच्या काचेवरचा तिचा एकुलता एक वायपर, अर्धवर्तुळ काढीत असताच मध्येच लांब होऊन काचेचे वरचे दोन्ही कोपरे पुसून परत येतो, ते पाहताना ज्या माणसांनी एवढ्याशा गोष्टीवर एवढा विचार केला त्यांच्याविषयी आजही माझ्या मनात आदर दाटून येतो.

इंजिन उघडण्यापूर्वीच आप्तेष्टांचे अभिप्राय येऊ लागले, आणि त्यांत सर्वांत रोखठोक अभिप्राय माझ्या भाच्याचा होता. तो सनदी लेखापाल आहे, आणि हिशेबाच्या बाबतीत त्याचा शब्द आमच्या घरात प्रमाण मानला जातो. “मामा,” तो म्हणाला, “दोन लाखांच्या गाडीत तीन लाखांचं इंजिन कोण घालतं?” हा प्रश्न त्याने प्रेमापोटी विचारला, आणि तो एकट्या त्याचाच आहे असेही नाही, जुन्या, भारी मोटारीचे मोठे काम निघाले की शेकडा नव्वद घरांत हाच प्रश्न विचारला जातो व त्याचे उत्तर त्या प्रश्नातच ठरून गेलेले असते. या प्रश्नाची मांडणीच मुळात चुकीची आहे, असे माझे मत आहे आणि ते सविस्तर सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

दोन लाख ही रक्कम कोणाची, याचा प्रथम विचार करावा. ती विकणाऱ्याची आणि घेणाऱ्याची आहे. जो विकणार नाही, त्याच्या हिशेबात ती येतेच कशी? वाड्याच्या तुळईला कीड लागली म्हणजे घरमालक तुळईचा खर्च आणि वाड्याच्या लाकूडफाट्याची मोडीची किंमत यांची तुलना करीत नाही. वाड्यात राहावयाचे आहे की नाही, भिंती धड आहेत की नाहीत आणि काम करणारा सुतार भरवशाचा आहे की नाही, एवढेच तो पाहतो. तद्वत मोटार ठेवावयाची असेल तर इंजिनाच्या खर्चाची तुलना मोटारीच्या बाजारभावाशी न करता, तेवढ्याच पैशांत दुसरे काय हाती लागेल याच्याशी करावयास हवी. तीन लाखांत मला दुसऱ्या कोणाची तरी दहा-बारा वर्षे वापरलेली मोटार मिळेल. तिच्या ऑइलचे झाकण तिच्या मालकाने कधी उघडून पाहिले होते की नाही हे मला ठाऊक असणार नाही, आणि तिच्या पोटात कोणत्या घाटात काय घडले याचा दाखला कोणत्याही दप्तरात सापडणार नाही. माझ्या मोटारीचे वीस वर्षांचे गुणदोष मात्र मला मुखोद्गत आहेत. बाजारभावात या ज्ञानाला किंमत नसते, म्हणून ते कवडीमोल ठरत नाही.

इंजिन बदलले तर मोटार तीच राहते काय, असाही एक प्रश्न उरतो. मिलिंदपञ्ह या पाली ग्रंथात यवनराज मिलिंद आणि भिक्षू नागसेन यांचा रथाविषयीचा संवाद आहे. आपण रथातून आलो असे राजाने सांगताच नागसेन त्याला विचारतो की, रथ म्हणजे आस काय, चाके काय, जू काय, की सांगाडा काय; आणि यांपैकी एकही वस्तू एकटी रथ नसून या सर्वांच्या मेळाला रथ हे नाव मिळाले आहे, असे राजाच्याच तोंडून वदवून घेतो. आमच्या परिवहन खात्याने या कूटप्रश्नाची उकल आपल्या पद्धतीने केली आहे: नोंदणीपुस्तकात चासीचा क्रमांक आणि इंजिनाचा क्रमांक असे दोन क्रमांक लिहिलेले असतात, चासी गेली तर मोटार गेली, पण इंजिन बदलले तर विहित रीतीने ती नोंद सुधारून घेता येते. कायद्याच्या दृष्टीने हे योग्यच आहे. तरीही इंजिन हा टायर किंवा बॅटरी यांच्यासारखा अवयव नव्हे. मालकाने ऑइल वेळेवर बदलले की नाही, सकाळी थंड इंजिन दामटले की नाही, घाटात काटा चढत असता गाडी थांबवली की नाही, या सर्वांची नोंद सिलिंडरच्या भिंतीवर उमटत जाते, आणि म्हणून इंजिनाचा निकाल लावण्यापूर्वी ते उघडून वाचले पाहिजे असा माझा आग्रह आहे.

प्रदीर्घ आयुष्य लाभलेल्या दोन मोटारींचे दाखले या संदर्भात मला नेहमी आठवतात. ग्रीसमधील थेस्सालोनिकीचे टॅक्सीचालक ग्रिगोरियोस साचिनिदिस यांनी १९७६ सालची एक मर्सिडीज २४० डी १९८१ मध्ये वापरलेली म्हणून घेतली व ती सुमारे ४६ लाख किलोमीटर चालवली. २००४ मध्ये ती कंपनीने आपल्या संग्रहालयासाठी स्वीकारली. त्यांनी एकच इंजिन अखेरपर्यंत दामटले नाही. बदली इंजिने तयार ठेवून ती ते आळीपाळीने चढवीत आणि उतरवलेले इंजिन दुरुस्त करून पुढच्या पाळीसाठी ठेवीत. याउलट अमेरिकेतील शिक्षक अर्व्ह गॉर्डन यांनी १९६६ साली नवी घेतलेली व्होल्व्हो पी-१८०० एस सप्टेंबर २०१३ मध्ये ३० लाख मैलांची, म्हणजे सुमारे ४८ लाख किलोमीटरांची मजल पूर्ण करून गेली, आणि तिच्यात मूळचेच इंजिन होते. ते त्यांनी उघडून बांधून घेतले, पण टाकून दिले नाही. एकाने बदलले, दुसऱ्याने बांधले, आणि दोघांच्याही मोटारी चालल्या. दोघांमध्ये समान काय होते, तर आपल्या मोटारीची बाकीची कुडी धड आहे याची त्यांना असलेली खात्री, आणि बिघाड होण्याची वाट न पाहता काम काढण्याची सवय. त्यातली ही दुसरी गोष्ट माझ्यात असती तर हा लेख लिहिण्याचा प्रसंग आला नसता.

तेव्हा पहिली परीक्षा इंजिनाची नव्हेच, ती कुडीची. पुण्याच्या पूर्व भागातील एका अरुंद गल्लीत आमच्या मिस्त्रींचे गॅरेज आहे, तेथे मोटार ओढून नेल्यावर त्यांनी बॉनेटला हात लावण्यापूर्वी ती लिफ्टवर चढवली आणि एक बोथट स्क्रू-ड्रायव्हर घेऊन खालून ठोकत ते चारी कोपरे फिरले. जॅक लावण्याच्या जागा, मागच्या चाकांच्या कमानी, पुढच्या स्प्रिंगांची बैठक, बॅटरीखालचा पत्रा, डिकीतला स्टेपनीचा खड्डा, या जागी पत्रा ‘टण्‌’ असा वाजतो की ‘थप्‌’ असा दबतो हे ते कान देऊन ऐकत होते. डाव्या कमानीत तळहाताएवढा गंज निघाला, बाकी पत्रा निरोगी होता. कोकणपट्टीत, खाऱ्या वाऱ्यात उभी राहिलेली मोटार असती तर कदाचित निकाल तेथेच लागला असता, आणि तो मी निमूटपणे मानला असता. कारण गंजलेल्या सांगाड्यात नवे इंजिन घालणे म्हणजे पैशांचा अपव्यय तर खराच, पण त्याहून अधिक, आत बसणाऱ्यांच्या जिवाशी खेळ आहे.

मग इंजिनाची पाळी. पाच सिलिंडरांची कॉम्प्रेशन मोजली तेव्हा चार सिलिंडर चोवीस ते सव्वीस बार दाखवीत होते आणि मधला, तिसरा, तेरावरच अडला. हेड उतरवले, धुतले, आणि मशीन शॉपमध्ये त्याची सगळी भोके बंद करून, आत दाबाची हवा भरून ते कोमट पाण्याच्या हौदात बुडवले. क्षणभर काही झाले नाही, आणि मग तिसऱ्या सिलिंडरच्या दोन व्हॉल्व्हांमधून बारीक बुडबुड्यांची एक सरळ माळ वर येऊ लागली. हेडला तडा गेला होता. ब्लॉकमध्ये बोअर गेज फिरवल्यावर चार भिंतींवर झीज होती ती वयाला शोभणारी होती, पण तिसऱ्या भिंतीवर बोटाला लागतील अशा उभ्या रेघा होत्या. पाणी संपल्यावर तापलेल्या पिस्टनने ओढलेल्या. क्रँकशाफ्ट मात्र, पुसून उजेडात धरला तेव्हा, आरशासारखा निघाला, आणि मिस्त्री, जे सहसा स्तुती करीत नाहीत, म्हणाले, “साहेब, ऑइल तुम्ही वेळच्या वेळी बदललंय. क्रँक खोटं बोलत नाही.”

या तपासणीला तीन दिवस आणि काही हजार रुपये लागले, आणि माझ्या मते संपूर्ण प्रकरणातील सर्वांत सार्थकी लागलेला पैसा तोच. कारण तोवर ‘इंजिन गेले’ हे एकच वाक्य सर्वांच्या तोंडी होते. आता काय गेले आणि काय शाबूत आहे याची रुजुवात झाली. हेड गेले; एक सिलिंडर गेला; क्रँक, कनेक्टिंग रॉड, ऑइल पंप, डिझेल पंप शाबूत. पाचही सिलिंडर बोअर करून लायनर बसवणे, पाच पिस्टन व रिंगांचे संच, बेअरिंगे, टायमिंग चेन, नवे हेड आणि मजुरी धरून पावणेतीन लाखांची याद झाली. नव्या कोऱ्या इंजिनाची चौकशी मी केवळ माहितीसाठी केली, व ती किंमत ऐकून तो विषय तेथेच सोडून दिला. उरला तिसरा मार्ग, ज्याची शिफारस मला सर्वाधिक लोकांनी केली: भंगार बाजारातून चालते इंजिन आणून बसवणे. काम चार दिवसांचे, खर्च लाखाच्या आसपास.

त्यासाठी मी कुर्ल्याच्या भंगार बाजारात जाऊन आलो. तेथल्या दुकानांतून मोटारींचे अवयव ज्या व्यवस्थेने लावलेले असतात ती पाहण्यासारखी आहे. दारे दारांपाशी, दिवे दिव्यांपाशी, आणि आतल्या अंधारात लाकडी ओंडक्यांवर रांगेने इंजिने, पंप-टर्बोसकट, तोंडात चिंध्या कोंबलेली. विक्रेता सौजन्यशील होता. ‘गाडी अपघातात मागून गेली, इंजिन सुरू होतं’ असे त्याने सांगितले, आणि ते खरेही असेल; पण मी रॉकेलचा बोळा मागून घेऊन ब्लॉकवरची काजळी पुसली, तेव्हा क्रमांकाच्या जागी ग्राइंडरच्या आडव्या रेघा उमटलेल्या दिसल्या. त्याबद्दल विचारले असता तो म्हणाला की, बहुतेक गिऱ्हाइके ते पाहत नाहीत. मी आल्या पावली परतलो.

येथे वाचकांनी कायदा नीट ध्यानात घ्यावा, कारण गॅरेजात तो क्वचितच सांगितला जातो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील आणि निर्मात्याने मूळ ठरवून दिलेला तपशील यांत तफावत पडेल असा फेरफार मालकाला करता येत नाही. आणि पूर्वमंजुरीशिवाय इंजिन बदलले गेले असेल तर चौदा दिवसांच्या आत नोंदणी प्राधिकाऱ्यास त्याची वर्दी देऊन, प्रमाणपत्र व शुल्क सादर करून नोंद सुधारून घेण्याचे बंधन मालकावर आहे. मोटारीवर कर्ज असेल तर धनकोची लेखी संमती लागते. ज्या इंजिनाचा क्रमांक पुसलेला आहे त्याची नोंद होणार कशी? आणि उद्या ते इंजिन चोरीच्या मोटारीतले निघाले, किंवा अपघातानंतर विमा कंपनीच्या सर्वेक्षकाने क्रमांक ताडून पाहिला, तर जाब विक्रेत्याला नव्हे, मालकाला द्यावा लागणार. आपलेच इंजिन बांधून घेतले असता यांपैकी एकही कज्जा उद्भवत नाही. ब्लॉक तोच, क्रमांक तोच, पुस्तक तेच.

बांधणीच्या बाजूने माझा कल पडला तो केवळ कायद्याच्या भीतीने नव्हे. भंगारातील इंजिनाच्या पोटात काय आहे हे ते उघडल्यावाचून कळत नाही, आणि उघडावयाचेच असेल तर मग आपले का उघडू नये? बदली इंजिनाला माझा तत्त्वतः विरोध मात्र नाही. राजधानी परिसरात दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल वाहनांना रस्त्यावर बंदी करणारे राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचे आदेश २०१५ मध्ये निघाले, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केले, आणि पुढेही त्यांच्या अंमलबजावणीविषयी न्यायालयात वाद चालूच राहिले. केवळ वयाच्या अटीमुळे मोडीत गेलेल्या वाहनांमध्ये उत्तम निगा राखलेली इंजिनेही असणार हे उघड आहे. ती इंजिने अधिकृत मोडणी केंद्रांतून, मूळ चासीच्या क्रमांकासह, तपासणीच्या दाखल्यासह आणि पक्क्या पावतीवर मिळू लागली, तर ‘बदली इंजिन घ्यावे’ असे मीही निःसंकोचपणे सांगेन. आज जे इंजिन काळोखातून येते व काळोखातून विकले जाते, ते उजेडात आणण्याची तजवीज सरकारने करावयास हवी.

अर्थात माझा सल्ला सर्व मोटारींना सरसकट लागू नाही, हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे. माझ्या मोटारीचा ब्लॉक ओतीव लोखंडाचा आहे. तो बोअर होतो, त्यात लायनर बसतो, आणि हे काम करणारे लेथवाले आपल्याकडे जिल्ह्याच्या गावीही आहेत. अलीकडच्या अनेक भारी मोटारींचे ब्लॉक ॲल्युमिनियमचे असून त्यांच्या सिलिंडरच्या भिंतींवर विशिष्ट धातूचा अत्यंत पातळ लेप असतो, किंवा तो मिश्रधातूच निराळ्या जातीचा असतो. तेथे साध्या बोअरिंगने काम भागत नाही, आणि ते न जाणता कोणी यंत्र फिरवले तर ब्लॉक कायमचा जातो. शिवाय त्यांचे इंजिन संगणकाशी आणि किल्लीशी जोडलेले असते. अशा मोटारीच्या मालकाने त्याच प्रकारचे, दाखल्यासह मिळणारे संपूर्ण इंजिन बसवावे, किंवा ते परवडत नसेल तर मोटार सोडून द्यावी. मधला मार्ग तेथे नाही.

या सर्व विचारात मला अधिक मोलाची वाटते ती माणसांची गोष्ट. आमचे मिस्त्री पंचावन्न-छप्पन वर्षांचे. इंजिनावर त्यांचा हात बसला तो मर्सिडीजवर नव्हे, टेम्पो ट्रॅक्सवर. आणि यात एक मोठा योगायोग दडलेला आहे. साचिनिदिस यांच्या २४० डी मध्ये जे ‘ओएम ६१६’ जातीचे डिझेल इंजिन होते, त्याच जातीचे इंजिन परवान्याखाली आकुर्डीच्या बजाज टेम्पोने, म्हणजे आजच्या फोर्स मोटर्सने, आपल्या देशात तयार केले आणि ते मॅटाडोर व ट्रॅक्सच्या पोटात बसून वाड्यावस्त्यांपर्यंत पोहोचले. युरोपात जे यंत्र टॅक्सीच्या रूपाने नावाजले गेले, ते आमच्याकडे वऱ्हाड आणि शाळेची मुले वाहू लागले. आणि ते मध्यरात्री बंद पडले असता कंदिलाच्या उजेडात उघडणारी कारागिरांची एक अख्खी पिढी महाराष्ट्रात तयार झाली. तिला कोणी पदविका दिली नाही. व्हॉल्व्ह घासताना पेस्टचा आवाज केव्हा मऊ होतो, आणि नव्या बेअरिंगात क्रँक एका बोटाने फिरला पाहिजे म्हणजे नेमका किती, हे तिने हातांनी शिकून घेतले.

ही पिढी आता थकत चालली आहे, आणि तिच्यामागे येणाऱ्या मुलांना आपण जे शिकवतो ते सुटा भाग काढून नवा बसवण्याचे शिक्षण आहे. मिस्त्रींचा पुतण्या हुशार आहे. संगणक लावून तो दोष झटकन सांगतो, पण लेथवर उभे राहावयास तो नाखूष आहे, व त्याला दोष देता येत नाही, कारण त्या कामाला ना प्रतिष्ठा आहे, ना मान्यता. इंजिन बांधणाऱ्याला परीक्षा घेऊन प्रमाणपत्र द्यावे, त्याने बांधलेल्या इंजिनाचा मापनतक्ता (बोअर किती, फट किती, कॉम्प्रेशन किती) वाहनाच्या नोंदीला जोडता यावा, आणि तो तपासणीच्या वेळी ग्राह्य धरला जावा, एवढी व्यवस्था झाली तर ही विद्या टिकेल. आपल्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थांना हे काम अशक्य नाही.

आक्षेप येईल तो धुराचा, आणि मी त्याची उपेक्षा करू इच्छीत नाही. एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज-सहा मानकांच्या डिझेल मोटारीला जी काजळी अडवणारी गाळणी असते ती माझ्या मोटारीला नाही, आणि पाच नवे पिस्टन बसवले म्हणून ती तेवढी स्वच्छ होणार नाही. जो रोज पुणे-पिंपरी ये-जा करतो, त्याने तीस वर्षांची डिझेल मोटार त्यासाठी बाळगू नये असेच मी म्हणेन. माझी मोटार वर्षाकाठी चार हजार किलोमीटरांच्या आतच चालते. परंतु रिंगा झिजून निळा धूर ओकणारी आठ वर्षांची मोटार कायद्याने तरुण, आणि नीट बांधलेली तीस वर्षांची मोटार म्हातारी म्हणून संशयित, ही वर्गवारी मला न्याय्य वाटत नाही. नोंदणी पंधरा वर्षांची, त्यानंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण. माझ्या मोटारीचे असे तीन वेळा झाले, चौथे आता येत आहे. हे नूतनीकरण २०२२ पर्यंत सहाशे रुपयांत होत असे, मग पाच हजार झाले, आणि वीस वर्षांवरील मोटारींना २०२५ पासून दहा हजार; महाराष्ट्राचा पर्यावरण कर निराळा. पैसे देण्यास माझी हरकत नाही. त्या पैशांच्या बदल्यात धुराची, ब्रेकची आणि पत्र्याची परीक्षा कसोशीने व्हावी, तीत मोटार नापास झाली तर ती निर्दयपणे थांबवावी, आणि पास झाली तर तिच्या जन्मतारखेचा उल्लेख पुन्हा करू नये. पन्नाशी ओलांडलेल्या, मूळ स्वरूपातील मोटारींना २०२१ च्या नियमांनी ‘व्हीए’ अक्षरांची मानाची पाटी दिली आहे. पण पन्नाशीपर्यंत पोहोचण्यासाठी तिशीत आणि चाळिशीत कोणीतरी तिचे इंजिन बांधून घ्यावे लागते, याचा विचार नियम करताना कोणाच्या मनात आलेला दिसत नाही.

भाच्याला मी हे सर्व एका रविवारी सांगितले. त्याने ऐकून घेतले, याद मागून घेतली, लायनरच्या मजुरीची बेरीज दोनदा झालेली होती ती खोडली, आणि “मामा, मग पिस्टन तरी ओरिजिनलच मागवा,” एवढेच म्हणाला. ते मागवले आहेत. अजून यावयाचे आहेत.

परवा गॅरेजात गेलो तेव्हा लायनर बसवून ब्लॉक परत आला होता. पाचही भिंतींवर होनिंगच्या तिरप्या, एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेघा ताज्या चमकत होत्या, आणि खालच्या बाजूला, घासून स्वच्छ केलेला, तीस वर्षांपूर्वीचा क्रमांक स्पष्ट वाचता येत होता. मिस्त्री स्टुलावर बसून हेडचे जुने बोल्ट मोजत होते. आवळताना हे बोल्ट ताणले जातात, आणि ठरावीक लांबीपलीकडे गेलेला बोल्ट पुन्हा वापरता येत नाही, नवा संच घेऊन टाकू, असे मी म्हणालो, तर ते म्हणाले, “घ्यायचाच आहे साहेब, पण किती ताणलेत ते बघू तर द्या. कुठल्या बाजूनं जास्त तापलं ते कळतं.” व्हर्नियरच्या जबड्यात एकेक बोल्ट धरून ते आकडा पुटपुटत आणि पाटीवर खडूने लिहीत होते. तिसऱ्या सिलिंडरशेजारचे दोन्ही बोल्ट लांब निघाले. ते त्यांनी वर्तमानपत्राच्या तुकड्यावर वेगळे ठेवले आणि पुढचा उचलला.